डावखुऱ्याचा कोट

आबांच्या स्मृतिदिनाला ट्रंक उघडायची नाही असं काही कुणी ठरवलेलं नव्हतं. पण त्यांच्या नातीने, साक्षीने, ती उघडली, आणि जेवून सुस्तावलेल्या घराची झोप उडाली.

सकाळ तशी छान गेली होती. वंदना झाली, खीर झाली, आबांना आवडायची म्हणून जवळ्याची चटणीसुद्धा झाली. मुख्य म्हणजे माणगावहून प्रज्ञाताई आल्या होत्या. परसातल्या माडांवरून त्यांचं आणि भावाचं, अजितचं, बिनसलं होतं, ते वर्ष होत आलं तरी दोघं फोनवरसुद्धा बोलत नव्हती. आज ताईंनी भावाच्या हातची खीर निमूट वाढून घेतली आणि अजितच्या बायकोने, मानसीने, मनातल्या मनात हुश्श केलं. या घरात सून म्हणून येऊन तिला इतकी वर्षं झाली, पण सासरच्या माणसांचा राग कुठून निघतो आणि कुठे जातो याचा काही तिला पत्ता लागला नव्हता. मुळात तिला चौकशीची खोड. माहेरी तिचं नावच ‘का गं’ पडलं होतं.

सगळे ओटीवर टेकले होते. मानसीच्या सासूबाई चंदाबाई भिंतीला पाठ लावून सुपारी कातरत होत्या, अजित वर्तमानपत्र चाळत होता, ताईंचा सम्यक मोबाईलमध्ये डोकं घालून बसला होता. तेवढ्यात साक्षी आतून आली ती आबांचा कोट घालून. दहावीतली पोर, दोन वेण्या, खाली शाळेची सलवार आणि वर तो तपकिरी कोट. डांबराच्या गोळ्यांचा वास ओटीभर पसरला.

“उद्या मी हा घालणार आहे,” ती म्हणाली. “फोटोला.”

अजितने वर्तमानपत्राची घडी घातली. “कुठल्या फोटोला?”

“स्मरणिकेच्या. दुसरा कुठला?”

शाळा दरवर्षी दहावीच्या मुलांची स्मरणिका छापायची. प्रत्येकाचा फोटो आणि खाली त्याच्या आवडीचं एक वाक्य. गेल्या वर्षी पोरांनी हौस भागवून घेतली होती. कुणी गॉगल लावला, कुणी केस मोकळे सोडले, एका बहाद्दराने तर बापाची सोन्याची साखळी शर्टावरून दिसेल अशी घातली. मग पालकांच्या तक्रारी आल्या, त्या गावभर फिरल्या, आणि यंदा शाळेने नियम करायचं ठरवलं. ते लिहायचं काम इतिहासाच्या सरांकडे आलं. इतिहासाचे सर म्हणजे अजित. मुलग्यांनी पांढरा शर्ट घालायचा, हवा तर वर कोट चालेल. मुलींनी गणवेश, ओढणी आणि दोन वेण्या. फळ्यावर कागद लागला तेव्हा खाली सही त्याचीच होती.

“नियम वाचलायस ना?” अजितने विचारलं.

“वाचला. मुलग्यांना कोट चालेल असं लिहिलंय. मला का नाही, ते लिहिलेलं नाही.”

“हे बघ साक्षी.” अजितचा आवाज वर्गातला झाला. “गणवेशात कोण तलाठ्याची मुलगी आणि कोण मासळीवाल्याची, ते कळत नाही. माझ्या आजोबांना शाळेच्या पायरीवर बसवायचे. सगळ्यांच्या अंगावर सारखा कपडा, ही आपल्यासाठी साधी गोष्ट नाही. तुम्हाला ती आयती मिळाली म्हणून किंमत नाही.”

मानसीला वाटलं, खरं बोलतोय हा. लग्नानंतर पहिल्यांदा त्याच्याकडून हे ऐकलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पण लेकीचा प्रश्नही तिला खोटा वाटेना.

“मग मुलग्यांना तरी कोट कशाला?” साक्षी म्हणाली. “सगळे सारखेच ना?”

“मुलग्यांचं वेगळं असतं.”

“कसं?”

अजितने सम्यककडे पाहिलं. भाच्याने मामाची बाजू घ्यायची, हे त्यांचं जुनंच ठरलेलं. सम्यक मोबाईल खाली ठेवत म्हणाला, “अगं, तो कोट घरातल्या मुलग्यांचाच आहे. दहावी झाली की घालायचा, माणगावला जाऊन फोटो काढायचा. मी काढला, मामाने काढला. ते काय, समोर लागलेत.”

समोर खरंच लागले होते. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आबांचा फोटो होता, तरुणपणीचा, मान ताठ, अंगात हाच कोट. त्याच्या खाली अजितचा आणि त्याच्या खाली सम्यकचा. अजितच्या फोटोची मोठी प्रत तर शाळेच्या सभागृहात होती, कारण वाडीतून शाळेत पहिला आलेला पहिला मुलगा तो. त्या ओळीत चौथ्या फोटोपुरती जागा मोकळी होती. मानसीला ती आत्ता पहिल्यांदा दिसली, आणि लेकीला ती कधीपासून दिसत असेल असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

“तिथे मला बसायचंय,” साक्षी बोटाने तीच जागा दाखवत म्हणाली. “हा घातला की मला मी कुणीतरी आहे असं वाटतं. नाही तर स्मरणिकेत माझी जागा कोरी सोडा. खाली नाव छापा फक्त. अजितसरांची मुलगी, आणि वर पांढरा चौकोन.”

“धमकी देतेस?”

“सांगतेय.”

“बरोबर सांगतेय ती,” प्रज्ञाताई म्हणाल्या. “मी दहावी झाले तेव्हा मी पण मागितला होता. आबा म्हणाले, बाप्याचा कोट आहे, पोरीच्या अंगावर शोभायचा नाही. शेजारच्या नलूची साडी आणली, ती नेसवून मला उभी केली. त्या फोटोत मी दिसतच नाही, नलूची साडी दिसते. मी फाडून टाकला तो.”

“ताई, आबांनी सांगितलं म्हणजे काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल,” अजित म्हणाला.

“माड वाटतानाही तू हेच म्हणाला होतास.”

झालं, मानसी मनात म्हणाली, आता माड निघाले. विषय वळवायला ती उठली आणि लेकीच्या कोटाची कॉलर नीट करू लागली. “बटणं तरी लाव. सोडून ठेवलास तर पोत्यासारखा दिसतो.”

“थांब, तिला नाही जमायची,” सम्यक पुढे आला. “उलटी आहेत ती. मला अर्धा तास लागला होता. आबा डावखुरे होते ना, म्हणून मुद्दाम तशी शिवून घेतलेली.”

पण साक्षीने तोवर वरपासून खालपर्यंत सगळी बटणं लावली होती. तिने खाली नजरसुद्धा टाकली नव्हती.

“उलटी कुठे आहेत?” ती म्हणाली. “माझ्या सगळ्या शर्टांना अशीच असतात.”

“माझ्या ड्युटीच्या एप्रनला पण,” ताई म्हणाल्या. माणगावच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या.

मानसीचा हात कॉलरवरच राहिला. तिने कोटाकडे पाहिलं, मग अजितच्या शर्टाकडे, त्याची बटणं दुसऱ्या बाजूला होती, मग पुन्हा कोटाकडे. कोट कमरेला बारीक होत गेला होता आणि तिथे दोन्ही बाजूंना टाके घालून चुणी धरली होती. ती चुणी तिने दरवर्षी ऊन दाखवताना पाहिली होती आणि दरवर्षी आबा सडपातळ होते असं म्हणून सोडून दिली होती. आज लेकीच्या कमरेवर ती बरोब्बर बसली होती.

आणि दुसरीच एक गोष्ट तिला आठवली. आबांच्या शेवटच्या आजारपणात तिनेच त्यांना जेवायला वाढलं होतं. भाकरी ते उजव्या हाताने मोडायचे. दाढी उजव्या हाताने करायचे. डाव्या हातात मात्र चहाचा कप असायचा, आणि तोही पाहुणे आले की. घरात कुणी नसलं की कप उजव्या हातात जायचा. तेव्हा तिला वाटलं होतं, म्हातारपणी असं होत असेल.

“आई,” तिने सासूबाईंना विचारलं, “आबा खरंच डावखुरे होते?”

चंदाबाईंचा अडकित्ता थांबला. त्यांनी सुनेकडे बराच वेळ पाहिलं, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून त्या बसूनच होत्या आणि आता कंटाळून उठणार होत्या.

“न्हाय,” त्या म्हणाल्या.

मग अजित हसला, उगीच, ओठांतल्या ओठांत. “आई, काहीतरी काय?”

“काहीतरी न्हाय. आपल्या गावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई व्हत्या. तुमचे आबा तिथं शिपाई. बाईंची बदली झाली तवा जाताना त्यांनी आपला कोट दिला. म्हनल्या, भिकू, थंडीचा घाल. ह्यांनी थंडीचा न्हाय घातला. घातला आनि थेट माणगाव गाठलं, फोटो काढाया. वाडीत पयला कोट तुमच्या आबांच्या अंगावर आला. लोकं बघाया यायची.”

“बाईचा कोट?” सम्यकने आपल्या फोटोकडे पाहिलं. “म्हणजे मी…”

“तू, तुजा मामा, समदीच.”

साक्षी फिस्सकन हसली आणि बापाचा चेहरा बघून लगेच गप्प झाली.

“पण डावखुरे?” मानसीला राहवेना. “ते कुठून आलं?”

“नामा शिंपी. त्याच्या नजरंतून काय सुटतंय? भर नाक्यावर म्हनला, भिकू, तुजी बटणं उलटी कशी रं. हे म्हनले, मी डावखुरा हाय. झालं. एकदा त्वांडातून गेलं ते गेलं. मंग काय, चार मानसं बसली की च्या डाव्या हातानं. पयल्या पयल्यांदा सगळा अंगावर सांडायचा. सदऱ्यावरचे डाग मी धुवायची.” चंदाबाईंना त्या डागांचं आता हसू येत होतं. “जनमभर पाळलं हो त्यांनी. शेवटचा च्यासुद्धा दोघं बघाया आली व्हती म्हनून डाव्या हातात घेतला.”

“तू आम्हाला कधी सांगितलं नाहीस,” अजित म्हणाला.

“कुनी इचारलंच न्हाय.”

मानसीला हसावं की रडावं कळेना. एका खोटेपणाला इतकी वर्षं, इतक्या इमानाने सांभाळणारा माणूस तिला भिंतीवरच्या ताठ मानेच्या माणसापेक्षा फार जवळचा वाटला. ती हसणारच होती, पण तिची नजर प्रज्ञाताईंकडे गेली आणि हसू तोंडातच राहिलं. ताईंचा चेहरा पांढरा पडला होता.

“आबांना माहीत होतं,” ताई म्हणाल्या. “मला बाप्याचा कोट म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना माहीत होतं.”

“व्हय.”

“मग का, आई? पोरगा घालू शकतो, नातू घालू शकतो. मी मागितला तर काय बिघडलं असतं?”

चंदाबाईंनी कातरलेली सुपारी डब्यात टाकली आणि डबा बाजूला सारला. “तुला त्यो बरोबर बसला असता, बाय. ह्यांनी तुला मागून बघितली व्हती, तू गुपचूप अंगावर घालून आरशात बघत व्हतीस तवा. रातच्याला मला म्हनले, चंदे, पोरीच्या अंगावर त्यो कोट बोलतो. तिनं घातला तर समद्यांना कळंल ह्यो कुनाचा. त्ये भ्याले. तुज्यावर राग न्हवता. भ्याले.”

ताईंनी पदराने डोळे पुसले, तेही चोरून. मानसी त्यांच्याजवळ जाऊन बसली. कुणी काही सुचवलं नाही, पण साक्षीने कोट काढला आणि आत्याच्या मांडीवर ठेवला. ताईंनी एक हात बाहीत घातला. दंडापाशी कोट अडकला आणि पुढे जाईना.

“मी आता दोन माणसांची झालेय,” त्या म्हणाल्या, आणि या वाक्याला सगळे हसले, अजितसुद्धा.

पण तो लगेच उठून परसात गेला. मानसी थोड्या वेळाने मागे गेली. तो माडांखाली उभा होता, ज्या माडांवरून भांडण झालं होतं त्याच.

“उद्या काय करणार?” तिने विचारलं.

“आबांचं नाव आहे गावात. दवाखान्यातला भिकूआबा म्हटलं की आजही माणसं सावरून बसतात. मी शाळेत जाऊन सांगू, माझ्या बापाने बाईचा कोट घातला आणि जन्मभर डावखुरेपणाचं सोंग केलं? स्टाफरूममध्ये वर्षभर पुरेल ते त्यांना.”

“नाही सांगितलं तर?”

“तर काय. साक्षी गणवेशात बसेल.”

“ती बसणार नाही,” मानसी म्हणाली. “जागा कोरी राहील. आणि अहो, कोट का नको म्हणताय ते तिला आता नीट माहीत आहे.”

तो एक सुकलेली झावळी ओढत कुंपणाकडे घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मानसी लेकीबरोबर शाळेत गेली. एकटीला पाठवायला तिचं मन होईना, आणि खरं सांगायचं तर काय होतंय ते बघितल्याशिवाय तिला घरी चैन पडलं नसतं. चित्रकलेच्या वर्गात फोटोग्राफरने आकाशी पडदा लावला होता. मुलं रांगेत होती. पुढच्या मुलग्यांपैकी दोघा-तिघांच्या अंगात काकाचे, मामाचे ढगळे कोट होते. मुली सगळ्या ओढण्या पिनांनी सारख्या करत होत्या. साक्षीने गणवेश घातला होता, दोन वेण्या घातल्या होत्या, आणि गणवेशावर कोट. अजित टेबलामागे नावांवर खुणा करत बसला होता. लेकीला पाहून त्याने मान खाली घातली.

नेमके मुख्याध्यापक तांडेलसर दारात आले. माणूस भला, बंदरावरच्या कोळीवाड्यातला, आवाज मात्र बोटीवरून हाक मारावी तसा. “साक्षी, कोट काढून ठेव बाळा,” ते म्हणाले. “तुझ्या पप्पांनीच नियम लिहिलाय.”

साक्षीने बापाकडे पाहिलं. मानसीनेही. अजित उठला आणि थेट वर्गाबाहेर गेला. पळाला हा, मानसीला वाटलं. आबा भ्याले तसा हाही भ्याला.

तो परत आला तेव्हा त्याच्या हातात सभागृहातली तसबीर होती. काचेवरची धूळ त्याने बाहीने पुसली आणि तसबीर टेबलावर ठेवली.

“सर, मग हा फोटो पण खाली काढलेला बरा,” तो म्हणाला. “माझ्या अंगातला कोट हाच आहे. आणि तो बायकांचा आहे. बटणं बघा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा. माझे वडील डावखुरे नव्हते. कोट बाईचा आहे हे कळू नये म्हणून तसं म्हणायचे.”

मागे कुणीतरी खिदळलं. अजितचे कान लाल झाले, पण तो हलला नाही.

तांडेलसरांनी चष्मा वर सरकवला आणि फोटोवर वाकले. मग साक्षीच्या कोटाची बटणं पाहिली, मग स्वतःच्या शर्टाची. “भिकूआबा,” ते म्हणाले. “मला लहानपणी सुई टोचताना त्यांनीच धरलं होतं. उजव्या हाताने. काय पकड होती. बाहेर आलो तर बाकावर बसून डाव्या हाताने चहा पीत होते. मी तेव्हाच आईला विचारलं होतं, हा माणूस असा का. आईने गप्प बसवलं.” त्यांनी तसबीर सरळ केली. “अजितसर, नियम तुम्ही लिहिला. तुम्हीच खोडा.”

अजित फळ्यापाशी गेला. खिशातलं पेन काढून त्याने तिथे लावलेल्या नियमांच्या कागदावरचा ‘मुलगे’ हा शब्द खोडला, मग ‘मुली’ खोडला. मागे रांगेत दिशा म्हणून एक मुलगी होती, तिने लगेच विचारलं, “सर, मग वेण्या?”

“वेण्यांचं नंतर बघू,” अजित म्हणाला. “एका दिवसात सगळं नाही होत.”

साक्षी पडद्यासमोर बसली. फोटोग्राफर म्हणाला मान थोडी खाली, पण तिने मान ताठच ठेवली, आणि मानसीला ओटीवरच्या फोटोतली मान आठवली. अजित तसबीर पुन्हा लावायला गेला. जाताना त्याने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला नाही, फक्त कोटाची बाही जराशी खाली ओढून नीट केली.

मानसीने मोबाईलवर एक फोटो काढून प्रज्ञाताईंना पाठवला. त्या ड्युटीवर असतील, आता कुठे बघतील, असं तिला वाटलं होतं. पण उत्तर लगेच आलं.

“पोरगी काय दिसतेय गं,” ताईंनी लिहिलं होतं. आणि त्याच्या खाली, “कोट आत्ता ट्रंकेत टाकू नकोस. दंडातली शिवण उसवून ठेव. रविवारी येते मी. माझा दहावीचा फोटो राहिलाय.”